भिंगरीला काम हवं : टेरियर घरात कसा सांभाळावा

मागच्या अंगणात मोगऱ्याची कुंडी आडवी पडलेली, फरशीभर माती आणि भिंतीच्या कडेला वीतभर खोल खड्डा. खड्ड्याबाहेर फक्त एक शेपूट दिसत होती, ताठ आणि थरथरणारी. ही आमची भिंगरी, तेव्हा दहा महिन्यांची, जॅक रसेल टेरियर जातीची कुत्री. सासूबाईंची हाक ऐकून मी धावत गेले आणि तिला कमरेला धरून वर उचललं. नाकाला माती, मिशांना माती, डोळे मात्र लकाकत होते. त्या भिंतीखाली घुशीचं बीळ आहे हे आम्हाला कळायला पहिला पाऊस पडून फरशी खचावी लागली. भिंगरीला ते आठ दिवस आधीच कळलं होतं.

आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजारातल्या जुन्या घरातून जुन्या पादरा रस्त्याच्या बाजूला एका सोसायटीत राहायला आलो आणि दोन मुलांच्या हट्टापायी भिंगरी घरात आली. आता तिला आठ वर्षं पूर्ण झाली. या आठ वर्षांत नातेवाइकांपैकी आणि ओळखीतल्या कितीतरी जणांनी विचारलं, “एवढंसं कुत्रं आहे, मग एवढा व्याप कसला?” त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरी असं पिल्लू आलंय किंवा येऊ घातलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हे कुत्रं कशासाठी घडवलं ते समजून घ्या

टेरियर हे नाव लॅटिनमधल्या ‘टेरा’ म्हणजे जमीन या शब्दावरून आलं. जमिनीखाली शिरणारा कुत्रा, असा त्याचा सरळ अर्थ. जॅक रसेल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते जॉन ऊर्फ जॅक रसेल (1795–1883) इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातले पाद्री होते आणि त्यांना कोल्ह्याच्या शिकारीचा नाद होता. 1819 च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून ही पैदास सुरू झाली, असं सांगतात.

कोल्हा बिळात दडला की हा कुत्रा त्याच्यामागे आत शिरायचा. मारणं हे त्याचं काम नव्हतं. आत अंधारात कोल्ह्यासमोर उभं राहून भुंकत राहायचं आणि त्याला बाहेर काढायचं. बिळात शिरता यावं म्हणून छाती अशी अरुंद ठेवली की पुढच्या पायांमागे दोन्ही हातांच्या पकडीत ती मावावी. मालक वर, जमिनीच्या बाहेर. आत काय करायचं ते कुत्र्याने स्वतः ठरवायचं.

एवढं लक्षात आलं की घरातल्या बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो. खणतो, कारण तेच त्याचं काम. भुंकतो, कारण बिळात भुंकूनच मालकाला त्याचा ठावठिकाणा कळायचा. हाक ऐकून लगेच येत नाही, कारण मालकाला न विचारता निर्णय घेणारेच कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. मार खाऊनही मागे हटत नाही, कारण कोल्ह्यासमोर मागे हटणारा कुणाला नकोच होता. म्हणून पुढे जे सांगते आहे ते सगळं एवढ्यासाठी, की हे जन्मजात काम त्याला घरच्या घरी, ठरल्या जागी आणि ठरल्या वेळी करायला मिळावं.

आणण्यापूर्वी स्वतःला विचारा

जॅक रसेल उंचीला साधारण 25 ते 30 सेंटिमीटर आणि वजनाला पाच-सहा किलो भरतो. आकार पाहून लोक त्याची पॉमेरियनशी तुलना करतात आणि तिथेच फसतात. वाढ पूर्ण झालेल्या टेरियरला रोज किमान तासभर चांगली दमछाक हवी, शिवाय डोक्याला काम हवं. तो 13 ते 16 वर्षं जगतो. आज मुलगी सातवीत असेल तर ती नोकरीला लागेपर्यंत हा घरात असणार. मुलं शिकायला पुण्या-मुंबईला गेली की सकाळी सहाला त्याला कोण फिरवणार, हे आजच ठरवा. दिवसभर घराला कुलूप असेल तर कृपा करून टेरियर आणू नका. तो एकटेपणा निमूट सोसणारा कुत्रा नाही.

पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी आईपासून तोडू नका आणि घेताना त्याची आई पाहायला मागा. आई माणसांना घाबरत असेल किंवा पाहायलाच मिळत नसेल तर परत फिरा. पांढऱ्या अंगाच्या पिल्लांत कधीकधी जन्मतः बहिरेपण असतं, म्हणून पिल्लू पाठमोरं असताना हळूच किल्ल्या वाजवून बघा, वळलं पाहिजे. आईवडिलांच्या डोळ्यांचा काही आजार होता का, हेही विचारा. त्याचं कारण शेवटी सांगते.

घर त्याच्या उंचीवरून बघा

पिल्लू येण्याच्या आदल्या दिवशी मी आणि माझा धाकटा गुडघ्यांवर बसून सगळं घर फिरलो. उभ्याने न दिसलेल्या कितीतरी गोष्टी त्या एका फेरीत दिसल्या.

फाटकाखालची फट आधी बघा. डोकं मावतं तिथून टेरियर अख्खा जातो. आम्ही फाटकाच्या तळाला पत्र्याची पट्टी ठोकून घेतली आणि कुंपणाच्या कडेने विटा पुरल्या. मोरीच्या आणि गटाराच्या तोंडाला जाळी बसवा. अगाशीच्या कठड्याला भोकं असतील तर तिथेही.

बडोद्यात घरोघरी झोपाळा असतो आणि हे कुणी सांगत नाही. पिल्लू झोपाळ्याखाली गारव्याला जाऊन निजतं. कुणीतरी सवयीने पायाने झोका देतं आणि पाटाची कड त्याच्या डोक्यावर किंवा पंजावर बसते. आमच्याकडे पहिलं वर्षभर झोपाळा वापरात नसला की कड्या काढून पाट भिंतीला टेकवून ठेवायचो. पुढे तिला “बाजूला” हा शब्द शिकवला आणि बसण्याआधी खाली वाकून बघायची सवय सगळ्यांना लागली.

उंदराचं औषध घरात किंवा अंगणात कुठेही ठेवू नका. शेजाऱ्यांनी ठेवलं असेल तर त्यांना हात जोडून विनंती करा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या आणि वड्या रक्त गोठू देत नाहीत. कुत्र्याने खाल्ल्यावर दोन-चार दिवस काहीच दिसत नाही आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी धोका असतो, आणि टेरियर उंदीर सोडत नाही. शंका आली तर लक्षणांची वाट न बघता पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. या जातीच्या विषावर व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे, पण पाकीट पाहिल्याशिवाय डॉक्टरांना नेमकं विष कळत नाही.

घरभर एकच भाषा ठेवा

आमच्या घरात सासूबाई मराठी बोलतात, मुलं निम्मं इंग्रजी आणि कामाला येणाऱ्या बेन गुजराती. पहिल्या महिन्यात भिंगरीला “बस”, “सिट” आणि “बेसी जा” अशा तीन आज्ञा एकाच कामासाठी मिळत होत्या. ती तिघांकडे आळीपाळीने बघायची आणि निघून जायची. आम्हाला वाटलं हट्टी आहे. खरं तर तिला कळतच नव्हतं.

मग लेकीने फ्रीजच्या दारावर कागद चिकटवला: बस, थांब, ये, सोड, जागेवर, शोध. सहाच शब्द, सगळ्यांनी तेच वापरायचे, बेननीसुद्धा. आठवड्याभरात फरक दिसला. त्याच कागदाखाली दुसऱ्या रांगेत घराचे नियम होते: सोफ्यावर चढू द्यायचं की नाही, जेवताना ताटातलं द्यायचं की नाही. एकाने दिलं आणि चौघांनी नाही म्हटलं तर टेरियर त्या एकासाठी दिवसभर उभा राहतो. आमच्याकडे तो एक म्हणजे यजमान होते.

शी-शूची सवय लावणं यामानाने सोपं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच ठरल्या जागी न्यायचं, झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. घरात झालं तर मुकाट्याने पुसायचं. त्यात नाक घासणं वगैरे जुने प्रकार करू नका, त्याने पिल्लू फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतं.

खणायला जागा द्या

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

मोगऱ्याच्या प्रकारानंतर आम्ही भिंगरीला खूप दिवस रागावत होतो. कुंड्या वर ठेवल्या, तर तिने तुळशीचा ओटा धरला. शेवटी भिंतीच्या सावलीत विटा रचून तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि फूटभर खोल असा हौद केला आणि त्यात बांधकामाची चाळलेली वाळू भरली. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गॅलरीत प्लास्टिकचा मोठा टब चालतो. वाळू नको असेल तर टबात जुन्या साड्यांच्या आणि गोधडीच्या चिंध्या भरा, खणण्याचं सुख तेच.

पहिल्या दिवशी तिच्यादेखत वाळूवर तिचा चेंडू ठेवला आणि अर्धाच झाकला. तिने काढला. “शाब्बास!” पुन्हा ठेवला, या वेळी पूर्ण झाकला. मग बोटभर खोल, मग वीतभर. चौथ्या दिवशी ती घरात असताना मी तीन वस्तू पुरल्या, एक चेंडू, एक सुताचा दोर आणि तिच्या कोरड्या खाण्याचे चार दाणे भरलेली नारळाची करवंटी, आणि दार उघडून फक्त “शोध” म्हटलं. ती वाळूच्या कडेला थबकली. नाक जमिनीला लावून एक फेरी मारली आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुढच्या दोन पायांनी अशी सुटली की वाळू तिच्या पोटाखालून मागे फवाऱ्यासारखी उडायला लागली. पंधरा मिनिटांनी तिन्ही वस्तू बाहेर होत्या आणि भिंगरी पायरीवर जीभ काढून पसरली होती. त्या संध्याकाळी तिने कशाचाही नाश केला नाही.

दुसरीकडे खणताना दिसली की ओरडायचं नाही. “भिंगरी, शोध!” म्हणून वाळूकडे न्यायचं, हाताने थोडं उकरून दाखवायचं. महिना-दीड महिना हे नेटाने केलं तेव्हा तुळस सुटली. हौदावर रात्री फळी टाका, नाहीतर सोसायटीतल्या मांजरी तिथे शी करून जातात.

नाकाला आणि दातांनाही काम लागतं

वाडग्यातलं खाणं टेरियर दोन मिनिटांत संपवतो. तेच खाणं कमवायला लावलं तर वीस मिनिटं जातात. जुना टॉवेल पसरून त्यावर दाणे टाका आणि गुंडाळी करून द्या. खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात खाणं मिसळा. पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा लेक दिवाणखान्यात दहा ठिकाणी एकेक दाणा लपवते, पडद्यामागे, चपलेत, उशीखाली. नाकाने शोधणं कुत्र्याला धावण्याइतकंच थकवतं.

रस्सीखेच खेळू नये असं पूर्वी सांगायचे. मी खेळते, फक्त नियमाने. सुरुवात मी करणार आणि “सोड” म्हटलं की सुटलं पाहिजे. हा “सोड” शिकवताना कधीही तोंडातून ओढून काढू नका. ओढलं की टेरियर दुप्पट धरतो. पनीरचा तुकडा मुठीत घेऊन मूठ नाकाजवळ न्या आणि गप्प राहा. वास आला की जबडा सैल होतो. वस्तू पडली त्या क्षणी “सोड” म्हणा, पनीर द्या आणि वस्तू परत तिलाच द्या. परत देणं फार महत्त्वाचं आहे. सोडलं तरी आपलं जात नाही हा विश्वास बसला की पुढे मेलेला उंदीर, कोंबडीचं हाड, मुलाचा मोजा, सगळं सुटतं. भिंगरीला पक्कं यायला दोन महिने लागले. मग तिने एकदा सोसायटीच्या बागेत खारीचं पिल्लू तोंडात धरलं होतं आणि माझ्या एका शब्दावर ते जिवंत सोडलं. त्या दिवशी मला रडू आलं.

बांबूच्या काठीला दोन हात दोरी आणि टोकाला चिंधी बांधून जमिनीलगत फिरवली की उंदराचा पाठलाग होतो. पाचच मिनिटं खेळा, उंच उड्या मारायला लावू नका, गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास या जातीत आहे. आणि शेवटी चिंधी तिच्या हाती लागू द्या, नाहीतर ती चिडचिडी होते.

भुंकणं आटोक्यात आणताना

दाराची बेल, भाजीची लारी, पार्सलवाला, समोरच्या काकींची रिक्षा. बेल वाजल्यावर आपण “गप! गप!” ओरडतो तेव्हा त्याला वाटतं, आपल्याबरोबर हेही भुंकतायत. म्हणून आवाज चढवू नका.

आम्ही दारापासून सहा-सात पावलांवर एक सतरंजीचा तुकडा टाकला. आधी बेलशिवाय तिथे बसायला शिकवलं, “जागेवर” आणि खाऊ. मग मुलाने बाहेर जाऊन हलकेच दार ठोठवायचं आणि मी तिला सतरंजीवर न्यायचं. मग बेल. मग बेल आणि दार उघडणं. एका बैठकीत पाच-सहा वेळा, त्याहून जास्त नाही. आता बेल वाजली की ती दोनदा भुंकते आणि पळत जाऊन सतरंजीवर बसून माझ्याकडे बघते. ते दोनदाचं भुंकणं मी कधी तोडलं नाही. कुणीतरी आलंय हे सांगायचा तिचा हक्क आहे असं मला वाटतं.

कुणीही नसताना तासन्‌तास भुंकत असेल तर ते कंटाळ्याचं भुंकणं आहे आणि त्याचा उपाय वर सांगून झाला.

मुलं आणि आजी

लहान मुलांना टेरियरजवळ एकटं सोडू नका, कुत्रा कितीही गोड असो. खाताना आणि झोपल्यावर त्याला हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही, तोंडाला तोंड लावायचं नाही. कुत्रा चावण्याआधी बोलत असतो, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. मान फिरवणं, भूक नसताना ओठ चाटणं, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणं, अंग आखडून थिजणं, मग गुरगुरणं. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नका. गुरगुरणं बंद पाडलं तर पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतील. मुलाला बाजूला घ्या आणि त्याला कशाचा त्रास झाला ते शोधा.

मुलं पळाली की टेरियर मागे लागतो आणि टाचा धरतो. माझ्या धाकट्याला आम्ही “झाड हो” शिकवलं. हात छातीशी, नजर जमिनीवर, हलायचं नाही. झाडात भिंगरीला रस नव्हता.

दात लागून रक्त आलं तर घरचाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे, असं म्हणून हळद लावून बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंची भीती वेगळी होती. पायात येऊन पाडेल. त्यांनीच उपाय काढला आणि गळपट्ट्याला देव्हाऱ्यातलं एक जुनं घुंगरू बांधलं. आता भिंगरी कुठे आहे ते त्यांना न बघता कळतं. तिच्या पहिल्या वर्षी “या कुत्रीला परत देऊन या” म्हणणाऱ्या सासूबाई आता दुपारी तिला शेजारी घेऊन निजतात.

ताटातलं देण्याबद्दल एक गोष्ट नक्की सांगायला हवी, कारण आपल्या घरांत ती प्रेमाने घडते. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, म्हणजे प्रसादाचा शिरा आणि रव्याचा लाडू बंद. कांदा आणि लसूण, कच्चे किंवा शिजवलेले, त्याच्या रक्तपेशी फोडतात, म्हणजे कांदेपोहे, सेव-उसळ आणि हिरव्या लसणाचं उंधियुं बंद. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं साखरविरहित च्युइंगम तर अजिबात नाही. पाच किलोच्या जिवाला थोडंही पुष्कळ होतं. गाजर, काकडी, बिया काढलेलं सफरचंद, मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं अंडं बिनधास्त द्या.

बाहेर नेताना

गळ्याला पट्टा बांधून टेरियरला ओढू देऊ नका, छातीचा हार्नेस घ्या. रस्त्यालगत कधीही मोकळं सोडू नका. कितीही शिकलेला असला तरी खार दिसली की त्याच्या कानापर्यंत तुमचा आवाज पोचत नाही. मोकळं धावायचं असेल तर बंदिस्त मैदानात, दहा मीटरची लांब दोरी लावून. हाक मारून जवळ बोलावलं की कधी रागावू नका, कधी लगेच घरी नेऊ नका. दहा वेळा बोलवा, नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा सोडा.

सोसायटीच्या कोपऱ्यावरचे चार मोठे गावठी कुत्रे आणि झाडावरचे हुप्पे वानर, दोघांशीही पाच किलोचा टेरियर भांडायला जातो. समोरून कुत्रा येताना दिसला की जवळ पोचेपर्यंत थांबू नका. आधीच वळा, “ये” म्हणा, चार दाणे जमिनीवर विखरून नाक खाली घालू द्या. उचलून डोक्यावर धरलं तर बाकीचे उड्या मारतात.

विश्वामित्रीच्या काठाला फिरायला नेऊच नका. नदीत मगरी आहेत आणि 2024 च्या ऑगस्टअखेरच्या पुरात त्या वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या, हे सगळ्या बडोद्याने पाहिलं. पावसाळ्यात साप निघतात आणि टेरियर सापाला बघून मागे सरत नाही. संध्याकाळी अंगणात सोडण्याआधी टॉर्च फिरवा, गवत कापून ठेवा, सर्पमित्रांचा नंबर दारामागे लिहा. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालवायचंही नाही. उचलून थेट डॉक्टरांकडे, आणि निघतानाच फोन करून सापाच्या विषावरचं इंजेक्शन (अँटिव्हेनम) आहे का ते विचारा.

बडोद्याचे ऋतू

मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो. सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री नऊनंतरच फिरवा. डांबरावर हाताची पाठ सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. टेरियर स्वतःहून खेळ थांबवत नाही, तो कोसळेपर्यंत चेंडू आणत राहील, म्हणून थांबवायचं तुम्ही. जोरजोराने धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, डुलत चालणं दिसलं की सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

पावसाळ्यात रोज रात्री गोचीड तपासा. कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी आणि पट्ट्याखाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, जाळायची नाही. गोचीडतापात कुत्रा खाणं टाकतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसांनाही होतो. त्याची लस मिळते, बिळं हुंगणाऱ्या कुत्र्याला ती द्यायची का ते डॉक्टरांना आवर्जून विचारा.

आणि उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण. 14 आणि 15 जानेवारीला अख्खं शहर अगाशीवर असतं. भोंगे, पिपाण्या, “ए काइप्यो छे!” च्या आरोळ्या, आणि आकाशात हजारो फडफडणाऱ्या वस्तू. टेरियरला यातलं सगळंच पकडावंसं वाटतं. भिंगरीच्या पहिल्या उत्तरायणाला आम्ही तिला वर नेलं. कटलेल्या पतंगामागे ती कठड्याकडे धावली आणि लेकीने दोरी पायाखाली दाबली म्हणून वाचली. दोरी होती म्हणून आज हे लिहिते आहे. त्यानंतर ती कधी वर गेलेली नाही. पहाटे अंधार असतानाच लांब फिरवून आणायचं, मग आतल्या खोलीत पडदे ओढून, पंखा आणि रेडिओ लावून, भरलेली करवंटी देऊन ठेवायचं. घरातलं कुणीतरी एक आळीपाळीने खाली बसतं. संध्याकाळी फटाकेही असतात. पुढचे आठ-दहा दिवस रस्त्यावर आणि झुडपांत मांजा लोंबत असतो. फिरून आल्यावर चारही पंजे आणि तोंडाचे कोपरे तपासा. गुंतलेला मांजा ओढू नका, कात्रीने कापा. गिळलेल्या मांज्याचं टोक तोंडातून किंवा मागून बाहेर दिसलं तरी ओढू नका, आतडं कापलं जातं, तसंच डॉक्टरांकडे न्या.

नवरात्र आणि दिवाळीला हाच बंदोबस्त.

लसी, वय आणि डोळे

सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूजन्य आजारांवरची लस, दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांनंतर रेबीज आणि मग डॉक्टर सांगतील तसं दरवर्षी. जंतांचं औषध वेळेवर. फाईल नीट ठेवा.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टेरियर शिकलेलं सगळं विसरल्यासारखा वागतो. बरेच जण याच काळात कुत्रं कुणालातरी देऊन टाकतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्या महिन्यांत दोरी पुन्हा आखूड करा, खाऊ वाढवा, रोज पाच मिनिटं सहा शब्दांची उजळणी करा. मारून शिकवणारा ट्रेनर घरात घेऊ नका. आमच्याकडे असा एक जण दोन दिवस आला होता, त्यानंतर तीन आठवडे भिंगरी हात वर केला की दबायची.

डोळ्यांचं राहिलं होतं. टेरियर जातींमध्ये डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, बहुधा तीन ते आठ वर्षांच्या वयात. डोळा एकाएकी लाल किंवा धुरकट झाला, तो मिटूनच ठेवत असेल, पंजाने चोळत असेल, तर उद्यावर टाकू नका. आतला दाब वाढून एक-दोन दिवसांत दृष्टी जाऊ शकते. मी दर रविवारी कान साफ करताना खिडकीशी नेऊन तिचे दोन्ही डोळे बघते.

आठव्या वर्षी तिची धाव थोडी कमी झाली आहे. काठीची चिंधी आता हळू फिरते, वाळूतल्या वस्तू वीतभरऐवजी चार बोटं खोल असतात. संध्याकाळी सहाला ती मागच्या दाराशी येऊन बसते, घुंगरू एकदा वाजतं, आणि सासूबाई आतून म्हणतात, “अगं, तिला शोधायला दे काहीतरी.”